हडळीने दार उघडले तेव्हा

सुधाकरराव बांदिवडेकर यांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या नेरूळच्या फ्लॅटच्या दारात झाली, आणि त्या भेटीत मी चक्क किंचाळलो. गौरवलेखाची सुरुवात अशी करावी की नाही, मला अजूनही कळत नाही. सुधाकररावांनी एके काळी भयकथांच्या पॉकेटबुकांची मुखपृष्ठे रंगवली. त्यांतली केस मोकळे सोडलेली, कंदील धरलेली हडळ पाहून लहानपणी माझी बोबडी वळायची. बेलापूरच्या कचेरीत चिकटलो, तरी ती पुस्तके रद्दीतून जमवणे सुटले नाही. शेवटी पत्ता शोधून बेल वाजवली, तर दार उघडले तिनेच!

"अहो, आणखी एक आलाय घाबरायला," सुधाकररावांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, आत हाक दिली. "चहा टाकते."

मॉडेल कुठून आणणार? काकूच केस सोडून उभ्या राहत. हडळ काकू, जखीण काकू, आणि मिशा रंगवल्या की वेताळही काकूच.

मी विचारले, "काका, ती कंदीलवाली अख्ख्या पुस्तकात कुठेच का नाही हो?"

"पुस्तक वाचलंय कोणी? आधी कव्हर छापायचे, मग लेखक लिहायला बसायचा. मी प्रकाशकाला फोनवर एकच विचारायचो, मरतं कोण?"

मग इतकी वर्षे मी नेमका घाबरलो कोणाला? गोष्टीला की काकूंना? डोके पार चक्रावले.

माझी मुलगी अंधाराला घाबरते हे कळल्यावर सुधाकरराव रंगपेटी घेऊन आमच्या सीवूड्सच्या घरी आले. तिच्यासमोर त्यांनी भूत काढले आणि दात तिला रंगवायला दिले. तिने ते गुलाबी केले. त्या भुताला ती आजही गुड नाइट म्हणते.

या गौरवग्रंथाचे मुखपृष्ठही त्यांनीच करावे, असा आमच्या गौरव समितीचा हट्ट होता. त्यांनी सवयीने विचारले, "मरतं कोण?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. मी म्हणालो, "कोणी नाही हो काका. पंचाहत्तरी आहे तुमची."

"असं पुस्तक कधी केलं नाही. जमतंय का बघतो."

चित्र आपल्या हातात आहेच. दारात काकू उभ्या आहेत, अंबाडा घातलेला, हातात चहाचा कप. समितीतले एक सद्गृहस्थ म्हणाले, "छान आहे, पण यात भीती कुठाय?" मलाही उमगेना. शेवटी सुधाकररावांनाच विचारले.

"ही मध्यंतरी हॉस्पिटलात होती," ते म्हणाले. "मी घरी यायचो. किल्ली खिशात असायची, तरी बेल वाजवायचो. दार उघडायचं नाही. आयुष्यात खरा घाबरलो तो तेव्हाच."

काकू आता ठणठणीत आहेत. सुधाकररावांनी शंभरी गाठावी, हात असाच चालता राहावा. आणि ते बाजारातून घरी परततील तेव्हा किल्ली त्यांच्या खिशातच राहावी. बेल वाजवताच त्यांच्या हडळीने दार उघडावे.