पुरवणी प्रश्न

बारावीनंतर मला पहिलं काम मिळालं ते मेलेल्या माणसांची भाषणं वाचण्याचं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सुरतेत, भेस्तानला राहत होतो, वडील तिथे कापडाच्या लूमवर कामाला होते. मराठी नीट वाचणारी मुलगी हवी आहे, हे त्यांना शेठकडून कळलं.

घर जुन्या शहरात, तापीच्या बाजूला. मालक पंच्याऐंशीचे गुजराती गृहस्थ, दोन्ही डोळे गेलेले. सगळे त्यांना दादा म्हणत. इंग्रजांच्या काळात, अगदी तरुण असताना, ते मुंबई इलाख्याच्या विधानसभेत निवडून गेले होते. तेव्हा सुरत आणि आमचा खानदेश एकाच इलाख्यात होते. सभागृहाच्या कामकाजाचे जाड बांधीव खंड त्यांच्या दिवाणखान्यात होते. इंग्रजी आणि गुजराती भाग सून वाचून दाखवी. मराठी भाषणं माझ्या वाट्याला.

पहिल्याच दुपारी मी त्यांच्या शेजारच्या वेताच्या खुर्चीत बसायला गेले.

"तिथे नको, बेन," ते म्हणाले. "ती जागा भरलेली आहे."

खुर्ची रिकामी होती. नंतर स्वयंपाकघरात सुनेनं हळूच सांगितलं, की सभागृहात दादांच्या शेजारी खानदेशातले एक सभासद बसत. पुण्याच्या पावसाळी अधिवेशनातच ते तापानं गेले. "आम्हीपण नाही बसत तिकडे," ती म्हणाली.

मी वाचायचे ते बहुतेक रुक्षच असायचं. कुरणांचा कर, शाळांची कौलं, कुठल्याशा नदीवरचा पूल. दादा मधूनच मान त्या खुर्चीकडे कलवून ऐकत आणि मला सांगत, "तो म्हणतो, इथं एक वाक्य गाळलंय." मला आधी गंमत वाटायची. मग एका दुपारी वीज गेली, पंखा थांबला, आणि त्या शांततेत खुर्चीचं वेत करकरलं. कुणी जड माणूस पुढे वाकावा तसं. मी पानावरून नजर वर केली नाही. वाचत राहिले.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "तठे आते जाऊ नको." तरी मी गेले. मला त्या माणसाबद्दल पुढचं ऐकायचं होतं.

ते दादांनी स्वतःच सांगितलं. त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. घड्यांवर फाटलेला, पिवळा. त्या सभासदानं आजारी पडल्यावर तो त्यांच्या हातात दिला होता: माझा प्रश्न माझ्या वतीनं तू विचार. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी प्रश्नाचा क्रमांक पुकारला, आणि दादा गप्प बसून राहिले.

"का?" मी विचारलं.

"ज्या गावचा प्रश्न, तिथल्या जमीनदारानं आदल्या संध्याकाळी मला जेवायला बोलावलं होतं. मी सत्तावीस वर्षांचा होतो. मोठ्या माणसांत बसायची हौस होती." त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "आज तू वाच. उभं राहून."

मी उभी राहिले. कागदावर एकच वाक्य होतं. अमुक गावची सरकारी खर्चानं खोदलेली विहीर काही जातींना बंद आहे, हे सरकारला माहीत आहे काय? मी ते वाचलं. खोलीत गारवा आला होता, बाहेर वैशाख असून. मी कागद मिटणार तेवढ्यात माझ्याच तोंडून शब्द आले, माझ्या आवाजात, पण माझ्या मनात नसलेले:

"आणि नाल्याचं पाणी पिऊन जी तीन पोरं गेली, त्यांची नावं सरकारला माहीत आहेत काय?"

दादांचा चेहरा राखेसारखा झाला.

"हे कागदावर नाही," ते म्हणाले. "पुरवणी प्रश्न होता तो. त्यानं फक्त माझ्या कानात सांगितला होता."

हे शब्द मला कुठून सुचले, आजही सांगता येत नाही.

त्याच दुपारी त्यांनी माझ्याकडून त्या गावच्या सरपंचाला त्या तीन पोरांच्या घरच्यांची चौकशी करणारं पत्र लिहून घेतलं. उत्तर यायला महिना गेला. त्या घरांतलं आता गावात कुणी नाही, असं त्यात होतं. मेलेल्यांपैकी एकाचा धाकटा भाऊ मात्र जिवंत आहे, तुमच्याच सुरतेत, कडोदऱ्याला मुलाकडे.

मी त्यांना रिक्षातून घेऊन आले. सत्तरीकडे झुकलेले, काटक, डोक्यावर टोपी. त्यांनी दादांचं सगळं बोलणं उभ्यानंच ऐकलं. जमीनदार, जेवण, तो कागद. दादांनी हात जोडले तेव्हा त्यांनी भावाचं नाव घेतलं. मग दुसरं, मग तिसरं. दादा प्रत्येक नाव पुन्हा उच्चारत गेले.

"बसा," दादा म्हणाले.

म्हातारबुवा त्या वेताच्या खुर्चीत बसले. सून दारातच थबकली. काहीच झालं नाही.

"पानी दे, माय," ते सुनेला म्हणाले. तिनं तांब्या आणला. त्यांनी तो वर धरून घटाघटा रिकामा केला आणि आणखी मागितला. दादा मान खाली घालून तो आवाज ऐकत होते.

त्यानंतर दादांनी मला वाचायला कधी बोलावलं नाही.