बंद दारातून ऐकलेली मनू

परवा आमच्या गुरुग्रामच्या फ्लॅटमध्ये भारीच गंमत झाली... माझी नात मनू टीव्हीवर आली. ती देशाच्या संरक्षणाचा अभ्यास करते, म्हणजे सरहद्दीवर काय हवं, काय नको ते शोधून लिहिते. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला एवढंच सांगता येतं.

स्टुडिओत नाही हं, आपल्याच बेडरूममध्ये लॅपटॉपसमोर बसली होती, दार लावून. वर कोट, खाली घरातला पायजमा... तो दिसत नाही म्हणे. जराही आवाज नको असं बजावलं होतं, म्हणून मी चिवड्याचा बेत रद्द करून मऊ शिरा केला.

सीमेवरच्या गावांत महिनाभर हिंडून आली होती पोरगी. तिथलं सगळ्यांना सांगायचं म्हणून नुसती घोकत होती. मी शेजारच्या कोहली भाभी आणि सोसायटीतल्या चारजणी बोलावून ठेवल्या.

कार्यक्रम सुरू झाला आणि नुसता कल्ला. चौकोनाचौकोनात माणसं, सगळी ओरडतायत. मनूची पाळी आली, दोन वाक्यं झाली असतील नसतील, तर चॅनलवाल्यांनी तिचा आवाजच बंद केला... पोरीचे ओठ हलतायत, ऐकू काही येत नाही.

पण तिला कुठे ठाऊक होतं? ती आत बोलतच होती, आणि दारातून आम्हाला ऐकू येत होतं. भाभींनी टीव्ही म्यूट केला. आम्ही सगळ्या दाराला कान लावून उभ्या.

ती सांगत होती, तिथे शाळा नाही, दवाखाना नाही, म्हणून माणसं गाव सोडून जातात. मग उरतो फक्त जवान, एकटा. त्या गावांत चूल पेटती राहणं हीसुद्धा सुरक्षाच आहे. आमचे हे फौजेत होते, तेही सुट्टीवर आले की सांगायचे, चौकीवरून खालच्या गावातला दिवा दिसला की बरं वाटतं...

थोड्या वेळाने दार उघडलं. आवाज बंद होता हे तिला मैत्रिणीच्या मेसेजवरून कळलं होतं, डोळे भरलेले. "आजी, माझं कुणी ऐकलंच नाही गं."

मी काही बोलायच्या आत भाभी म्हणाल्या, "हमने तो पूरा सुना, बेटा. अब ये बता, वहाँ के बच्चे पढ़ने कहाँ जाते हैं?"

मनू भाभींच्या शेजारी बसली आणि सांगत राहिली... मध्ये कुणी तिचं बोलणं तोडलं नाही. तिचं बोलून होईपर्यंत एकीलाही घरी जायची घाई नव्हती. असे शेजारी दिलेस देवा, अजून काय मागू.