दोन दांड्या आणि आईची चूल

खुब्याचा सांधा गेला तेव्हा मी तिशीसुद्धा ओलांडली नव्हती. महाडच्या शाळेत शिकवत होते. रक्त मिळेनासं होऊन मांडीच्या हाडाचा गोळाच झिजलाय, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हाताऱ्यांचं दुखणं नेमकं माझ्याच वाट्याला का, म्हणून मी आधी चिडले, मग रडले, मग पुन्हा चिडले. सांधा बदलायचं ठरलं.

डॉक्टरांनी टेबलावर दोन दांड्या ठेवल्या. मांडीच्या हाडाच्या पोकळीत यातली एक बसवायची. पहिली गुळगुळीत, सिमेंटनं पक्की करायची. तिच्यावर लवकर भार देऊन चालता येतं. पण तरुण माणूस वावरतं फार. पुढेमागे ती सैल झाली, तर जुनं सिमेंट हाडातून खरवडून काढणं महाजिकिरीचं. दुसरी नव्या तऱ्हेची, वरच्या अंगाला खरखरीत. तिला सिमेंट नाहीच. हाड हळूहळू तिला धरतं, तोवर कुबड्यांवर काढायचं. बदलायची वेळ आली तर ही बरी पडेल असं त्यांना वाटत होतं. पण खात्री कशी देऊ, नवीच आहे, असंही ते म्हणाले.

माझा भाऊ मुंबईत बांधकामावर मुकादम. तो हटूनच बसला. "सिमेंटचीच घे गो. बिनसिमेंटचं काय टिकतंय?"

"माझी मांडी म्हणजे काय तुझा स्लॅब आहे?" मी डाफरले. डॉक्टर हसायला लागले.

मला वेगळंच विचारायचं होतं. पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या पायथ्याशी आमची वाडी. तिथे आईची चूल जमिनीवर. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी एसटी धरायची आणि चुलीपाशी आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. भाकरी तव्यावरून थेट माझ्या ताटात. हेडमास्तरांची सगळी गाऱ्हाणी मी तिथेच ओकायची आणि ती फुंकणी हातात धरून हसायची.

"यातल्या कुठल्या दांडीनं मला खाली बसता येईल?" मी विचारलं.

"कुठल्याच नाही. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. सांधा निखळेल."

मग राहिलं काय निवडायला? पुढे बदलायला सोपी म्हणून बिनसिमेंटची घेतली. हाड धरेपर्यंत भावाच्या खोलीत कॉटवर पडून होते. डोळे मिटले की नाकात त्या चुलीचा धूर यायचा. आईची इतकी ओढ मला लहानपणीही कधी लागली नव्हती.

कुबड्या सुटल्या आणि मी वाडीवर गेले. आत पाऊल टाकलं तर चूल जागेवर नाही! दगडमातीचा कमरेएवढा ओटा घालून आईनं ती वर चढवली होती.

"अगं, हे काय करून ठेवलंस?" मी भडकलेच. "मला तुझ्याशेजारी बसायचं होतं!"

"तुला खाली बसाया येत नाय, मंग चूलच वर घेतली," ती म्हणाली. "उभी ऱ्हा आता माझ्या बाजूला. वराडू नको."

मी उभी राहिले. आईनं जन्मात कधी उभ्यानं भाकरी भाजली नव्हती. सारखी या पायावरून त्या पायावर होत होती, तवा उंच वाटत होता तिला. भाकरी मात्र तशीच फुगली.

जेवणं झाली तशी ती सवयीनं जुन्या कोपऱ्यात जाऊन टेकली. तिथली भिंत खालून अजून काळीच होती. पाय चोळत म्हणाली, "बोल गो, हेडमास्तरांचं काय झालं?"

मी ओट्याला धरून बोलत राहिले. वरून तिचं डोकं दिसत होतं. भांगापाशी केस पार विरळ झालेले. इतकी वर्षं शेजारी बसले, पण ते कधी दिसलंच नव्हतं.

दांडी अजून शाबूत आहे. भाऊ अजूनही ते नशिबावर घालतो. आई केव्हाच गेली. आणि मला, काय सांगू, अजून खाली बसायचं आहे.