आखूड पास कसा अडवायचा

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी आखातात, मनामा शहरात एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होतो, तिथल्याच माहूज भागात राहत होतो. आमचा अमेरिकन मॅनेजर दर शुक्रवारी सकाळी आपल्या देशवाल्यांना जमवून फुटबॉल खेळायचा. एकदा त्यांना एक गडी कमी पडला. कॉलेजात फुटबॉल खेळलोय असं मी कधीतरी बोलून गेलो होतो, म्हणून मला बोलावणं आलं.

मैदानावर बघतो तर चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि सगळे तो हाताने फेकतायत. अमेरिकनांचा फुटबॉल म्हणजे हा वेगळाच खेळ निघाला. मला सोडायला आलेला कंपनीचा ड्रायव्हर, गुहागरकडचा, गाडीला टेकून बघत राहिला.

मॅनेजर म्हणाला, "ते आखूड पास टाकतात. समोरच्याला चिकटून राहा. सुरुवातीलाच खांद्याने अडव."

मी चिकटलो. तो दोन पावलं सरळ आला, झटकन आत वळला आणि चेंडू त्याच्या हातात. तीनदा हेच झालं.

"आता माणसाला सोड," मॅनेजर म्हणाला. "पाच पावलं मागे राहून तुझी जागा राख."

धरायचं की सोडायचं? मागे गेलो, तर ते माझ्या पुढ्यातच पास घेऊ लागले.

पाणी प्यायला कडेला आलो तेव्हा ड्रायव्हर हळूच म्हणाला, "साहेब, पळणाऱ्याकडं कशाला बघता? फेकणारा आधी जिथं बघतो, तिथंच टाकतो."

मग मी फक्त फेकणाऱ्याच्या डोळ्यांवर लक्ष ठेवलं. त्याची नजर डावीकडे गेली, मी तिकडे धावलो, आणि चेंडू थेट माझ्या हातात. सगळे "रन, रन" म्हणू लागले. कुठल्या बाजूला, ते मला कळेना. चेंडूला हात लागला की फाउल, ही जुनी सवय. मी तो खाली ठेवला आणि सभ्यपणे बाजूला झालो. समोरच्यांनी तो उचलून घेतला.

मॅनेजर कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला. रागावला होता की हसू दाबत होता, मला समजलं नाही.

"पास कुठे येणार, हे तुला कसं कळलं?" त्याने विचारलं. मी ड्रायव्हरकडे बोट दाखवलं.

गाडीत ड्रायव्हर म्हणाला, "अडवलात झकास. पण परत का दिलात?"

पुढच्या शुक्रवारी माझ्या जागी तोच खेळला. त्याने दोन पास अडवले. मी कडेला उभा राहून टाळ्या वाजवल्या, पण नेमक्या कधी वाजवायच्या, हे शेजारच्यांकडे बघूनच ठरवत होतो.