आभारप्रदर्शनाचा कागद

“पाठकजी, यह सोशल अँग्झायटी डिसऑर्डर है,” डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे चारचौघांत आपले हसे होईल या भीतीने शरीरच बंड करून उठणे. माझ्या थरथरीचे नाव मला चोपन्नाव्या वर्षी कळले. तोवर घरात सारे खापर दारूवरच फुटत असे.

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीचे आभारप्रदर्शन वर्षानुवर्षे माझ्याकडे असे. मी छान बोलतो, असा लौकिक होता. दर भाषणाआधी स्टीलच्या थर्मासमधून मी काय पितो, हे तेव्हा फक्त पत्नीला, सुनंदाला ठाऊक होते. पुढे ऑफिसातल्या मीटिंगांसाठी झोपेच्या गोळ्याही आल्या. मुलीच्या साखरपुड्यात मी व्याह्यांसमोर खुर्चीसकट कोसळलो. त्या दिवशी तिला मान खाली घालावी लागली. याला माझ्यापाशी सबब नाही.

आधीच्या व्यसनमुक्ती केंद्रात दारू सुटली. भीतीबद्दल कोणी विचारले नाही, मीही सांगितले नाही. गटात बोलायची पाळी आली आणि मी पळून आलो. महिन्याभरात पुन्हा थर्मास.

या डॉक्टरांनी मात्र बजावले, “दोनों का इलाज साथ चलेगा.” दहा दिवस दाखल होतो. विड्रॉअल, म्हणजे नशा थांबल्यावर शरीराने घातलेला धिंगाणा, तिथे सोसला. गोळ्या पुढे कित्येक महिने हळूहळू कमी केल्या. हे घरी एकट्याने करू नका. जिवावर बेतू शकते.

मग एक्स्पोजर: ज्याची भीती, तेच थोडे थोडे मुद्दाम करणे. सरोजिनी नगरच्या बाजारात भाव विचारायचा आणि काही न घेता परतायचे. “अंकलजी, टाइमपास करने आए हो?” दुकानदाराने टोमणा मारला. मी हो म्हणालो.

यंदा गणपतीत मंडळाचे सचिव देशपांडे कानाशी लागले. “अरे यार, दोन घोट घे. हात बघ तुझा.”

“थरथरू दे. माईक दे.”

मंडपवाले, आचारी, वर्गणीदार, सगळ्यांची नावे अडखळत वाचली. शेवटचे नाव मी स्वतः लिहिले होते: सुनंदा. हातातला कागद माईकपाशी फडफडत होता आणि सभागृहभर ऐकू येत होता. तोच आवाज लपवण्यासाठी मी तीस वर्षे प्यालो. कागद मी खाली ठेवला नाही. ज्याला हसायचे त्याने हसावे. पुढच्या वर्षीही आभार मीच मानणार आहे.