जावयाची मोटरसायकल

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी मला उभं केलं, हे आधी सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना नावं ठेवाल, आणि तो हक्क अजून तरी माझ्या एकट्याचा आहे.

गाडी कसलीही येवो, ते आधी हत्याराला हात लावत नसत. उकिडवं बसून गिअरचा दांडा दोन बोटांत धरायचे आणि डोळे मिटायचे. “घाई न्हाय पावणं. आधी भाईरचं बघू, मग पोट फाडू.”

मी परभणीकडचा, नववीत शाळा सोडून इकडं आलेला. राजारामपुरीतल्या एका औषधांच्या दुकानाचे खोके गावोगाव पोचवायचं काम मिळत होतं, पण स्वतःची गाडी असेल तरच. मिस्त्रींनी एक जुनी मोटरसायकल दाखवली. “डोळं झाकून घ्या. माझी जबान हाय.” मी डोळे झाकूनच घेतली. बूथवरून आईला फोन केला, “काळजी करू नको, इथं माझं एक माणूस आहे.”

आजऱ्याच्या वाटेवर चढ लागला की दुसरा गिअर खटकन निसटायचा. इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी मागं सरायची. खोके उशिरा पोचू लागले. शेठ म्हणाले, “आता उशीर झाला तर परभणीचीच गाडी धर.”

मिस्त्रींनी क्लचची केबल ताणली. मग ऑइल बदललं. मग दाते झिजलेत म्हणून दांडाच नवा घातला. दर खेपेला चहा पाजला. गिअर निसटतच राहिला.

“आता पोट फाडाच, मिस्त्री,” शेवटी मीच म्हणालो.

इंजिन उतरलं, त्याच्या दोन फाळ्या सुटल्या. मी आत बघत होतो. मिस्त्री आत बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडं बघत होते. गिअर सरकवणारा लोखंडी चिमटा वाकून गेला होता, आणि आधी कधीतरी तो ठोकून सरळ केल्याच्या हातोडीच्या खुणा त्याच्यावर होत्या.

“हे कोणी ठोकलं?”

“म्याच.”

गाडी त्यांच्या जावयाची होती. ही खपवून नवी घेऊन दिल्याशिवाय तो लेकीला नांदवायला न्यायला तयार नव्हता.

“पण मलाच का? एवढं कोल्हापूर पडलंय.”

रॉकेलनं हात धूत ते म्हणाले, “हितल्या कुणाला दिली असती तर त्याचं चार भाऊ दारात आलं असतं. तुमच्यामागं कोण हाय?”

त्यांनी थोबाडीत दिली असती तर इतकं लागलं नसतं.

मी उठलो. “बसा,” म्हणाले. स्वतःची तसलीच मोटरसायकल ओढून आणली, तिचं पोट फाडलं आणि तिचा चिमटा, तिचे गिअर माझ्या गाडीत बसवले. पुढच्या खेपेला चढावर दुसरा गिअर टिकला. नोकरीही टिकली. मिस्त्री मात्र त्यानंतर पायी यायला लागले. मी शेजारून गाडीवर जायचो. त्यांनी कधी हात केला नाही, मीही थांबलो नाही.

मग एकदा गॅरेज बंद दिसलं. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, “लेकीकडं गेलं की आजऱ्याला. तुमची आठवण काढत हुतं.”

आजऱ्याला मी अजून जातो. घर कुठलं, ते विचारलेलं नाही. दारात गेलो तर आधी भांडेन, एवढं नक्की. पण त्यांची गाडी मोडून माझी चालली, हेही खोटं नाही. भांडून झालं की त्यांना मागं बसवीन आणि म्हणतील तिकडं नेईन. ही फेड मी करणार आहे, कधीतरी.