मुख्याध्यापकांचं कृती संशोधन

जगातल्या कोणत्याही दुखण्यावर कृती संशोधन हाच रामबाण उपाय आहे, अशी श्रद्धा असलेला दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही. आमचे मुख्याध्यापक कसल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि परत आले ते समस्या, परिकल्पना, उपाय, निष्कर्ष असा जप करतच. शिक्षकखोलीतला चहा पांचट होतो म्हणून त्यांनी आमचे दोन गट पाडले, एकाला आल्याचा चहा आणि दुसऱ्याला बिनआल्याचा. निष्कर्ष निघेपर्यंत चहा करणाऱ्या मावशीच रुसून बसल्या. घरच्या लग्नातही त्यांनी अर्ध्या पंगतीला आधी जिलबी वाढायला लावली होती, असं त्यांच्या सौभाग्यवती कपाळाला हात लावून सांगत.

पाचवीच्या वर्गापुढे मात्र या शास्त्राने हात टेकले. मुलं वाचताना अडखळत आणि सरांची झोप उडे, कारण माणूस कितीही चक्रम असला तरी पोरांवर त्याचा जीव होता. न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांमुळे लक्ष उडतं, अशी परिकल्पना मांडून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मुलं घामाघूम झाली, पण अडखळायची थांबली नाहीत. मग बाकं फिरवली, मग फळा हलवला. प्रत्येक उपायाचा परिणाम बघायला सर स्वतः शेवटच्या बाकावर ठाण मांडून बसत. अखेर वर्गशिक्षिका मुल्लाबाईंनी अदबीने सुचवलं, की एक दिवस व्हरांड्यात बसून निरीक्षण करून पाहा. सर बसले. आतून कोळीवाड्यातल्या एका पोरीचा आवाज आला, "सर नाय ना आज? मंग मना वाचू द्या." आणि तिने अख्खा धडा घडाघडा वाचून काढला.

दुसऱ्या दिवशी शिक्षकसभेत सर उभे राहिले. "समस्येचं कारण सापडलं. मीच आहे," एवढंच म्हणाले आणि बसले. एरवी आम्ही खोखो हसलो असतो, पण त्या दिवशी कुणाला हसू आलं नाही. त्यानंतर वाचनाच्या तासाला त्यांनी वर्गात पाऊल टाकलं नाही. खांबाआड उभे राहून ऐकत आणि कुणी पाहिलं की काही काम असल्यासारखे निघून जात. मला त्यांची फार दया येई.

सर निवृत्त झाले तेव्हा कोळीवाड्यातली ती पोर दहावीत होती. निरोपाचं भाषण वाचायला ती उठली, तसे सर मुकाट्याने दाराकडे निघाले.

"सर, तुमी जाव नका," ती म्हणाली. "बसा."

सर बसले. ती अडखळली, पण थांबली नाही, आणि दर ओळीला मान वर करून सर बसलेत ना, हे पाहत होती.